जुन्या दगड-मातीच्या भिंतीतून तीन तऱ्हेचे आवाज यायलेत, कारण कसं शोधावं?

औसेकरीण

राम राम. घर औसा तालुक्यातल्या गावात. पुढं माळवदाचे, म्हणजे लाकडावर माती टाकलेल्या सपाट छताचे, चार खण, सासऱ्यांच्या आज्याच्या काळातले. भिंती दगड-मातीच्या, दोन हात रुंद. मागं पत्र्याच्या दोन खोल्या, भाऊजींच्या लग्नाच्या वेळी काढलेल्या. जुन्या घराची मागची भिंत तीच नव्या खोल्यांची पुढची भिंत. सगळा घोळ त्या एका भिंतीत हाय.

आवाज एक नाही, तीन. पहिला दिवेलागणीला. टक्... टक्... टक्टक्. अर्ध्या-पाऊण तासानं आपोआप थांबतंय. दुसरा सगळे निजले की बळदाच्या (धान्य साठवायच्या कोठीच्या) बाजूला, करकर करकर. भिंतीवर हात मारला की गप, जरा वेळानं पुन्हा सुरू. तिसरा वळवाचा पाऊस झाल्यापासून. भिंतीच्या पोटातून काहीतरी सर्रर्र ओघळतंय, लगेच बंद. त्याला काळवेळ नाही.

सासूबाईंचं माहेर किल्लारी. १९९३ च्या भूकंपात त्यांचे दोन भाऊ गेले. पहिल्या टकटकीलाच त्यांनी बाज अंगणात काढली, तेव्हापासून आत निजत नाहीत. म्हणतेत, १९९२ च्या दिवाळीच्या तोंडावरही तिकडं जमिनीतून आवाज यायचे, धक्के बसायचे, पुढं लोकांना सवय झाली. शेजारीण म्हणती भिंतीत धन पुरलंय, ते हाका मारतंय. धन असतं तर आम्ही मागं पत्रे कामून टाकले असते? मालक पुण्याला कंपनीत, ते फोनवर "उंदीर असंल" म्हणून मोकळे.

काय बघू, कशानं बघू, कुणाला बोलवू?

गंगाखेडचा पाटील

घूस. शंभर टक्के. बळदात ज्वारी हाय ना? मग दुसरं काय. एकच सांगतो ताई, बिळात हात घालू नका. घुशीमागं साप येतोच.

ओव्हरसिअर मामा

ताई, मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालो. भूकंपानंतर औसा-निलंगा-उमरगा पट्ट्यात उभी राहिलेली घरं बळकट करण्याच्या कामावर होतो. तुमच्यासारख्या भिंती उघडून बघण्यातच नोकरी गेली म्हणा.

आवाज कुठून येतोय ते कानाला विचारू नका. दगडी भिंत एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला नेऊन सोडते. आवाज कधी येतो ते विचारा. तुम्ही वेळा लिहिल्यात, त्यात निम्मं काम झालंय.

दिवेलागणीची टकटक मला पत्र्याची वाटते. पत्र्याखालचे लोखंडी अँगल जुन्या भिंतीत घुसवलेत का बघा. मे महिन्यात दुपारी त्या लोखंडाला हात लावता येत नाही, दिवस मावळला की ते भराभर निवतं. पंधरा फुटी अँगल तीस अंशांनी निवला तर दीड मिलिमीटरच्या आसपास आखडतो. टोक दगडात आवळलेलं, त्यामुळं ते सरळ सरकत नाही. ताण साठतो आणि मग टक्कन सुटतो. खात्री करायचीय? भर दुपारी, आवाज अजिबात नसताना, पत्र्यावर दोन घागरी पाणी ओता. लगेच वाजलं तर तेच. ऐन टंचाईत असला सल्ला द्यायला जिवावर येतंय, धुण्याचं पाणी वापरा.

करकरीचं कुणीतरी सुतार सांगेल.

मला काळजी तिसऱ्याची आहे. आपल्याकडची ही भिंत दिसते एक, असतात दोन. बाहेरून एक दगडी पदर, आतून एक, आणि मधल्या पोकळीत चिपा, खडे, माती. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड ठरावीक अंतरावर पाहिजेत. जुन्या मिस्त्रींनी ते कोपऱ्यात घातले, मधे कंटाळा केला. वरून पाणी मुरलं की मधली माती भिजते, सुकताना आकसते, आणि सुटलेले खडे खाली घसरतात. तुम्हाला ऐकू येणारं सर्रर्र ते हेच असणार. खाली गेलेली भर तिथं दाटते आणि दोन्ही पदरांना बाहेर रेटते. भिंतीनं पोट काढलं म्हणतात ते असं. किल्लारीला बहुतेक माणसं अशाच भिंती फाटून वरून आलेल्या माळवदाखाली गेली. तुमच्या सासूबाईंना ते मी सांगायची गरज नाही.

तेव्हा ओळंबा, म्हणजे गवंड्याची वजन बांधलेली दोरी, आणा. छताजवळ खिळा ठोकून सोडा आणि हात-हातभर अंतरावर दोरी ते भिंत किती आहे ते पट्टीनं मोजून वहीत लिहा. मधेच अंतर कमी भरलं तर पोट तिथं. दोन्ही अंगांनी मोजा. मग लहान हातोडीनं दगड वाजवून बघा, पदर सुटलेला असला की भदभद वाजतो. भेग असली तर तिच्यावर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटनं चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. काच तडकली म्हणजे भेग अजून चालू आहे.

आणि माळवदावर माती किती आहे ते कळवा. दरसाल मिरगाच्या आधी नवी पांढरी माती पडते, जुनी कुणी काढत नाही. दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे साडेचार टन. दोन-अडीच फूट मातीखाली निवांत झोपलेली घरं मी पुष्कळ बघितलीत.

वसमतकर

आजींसाठी लिहितोय. आमच्या हिंगोली जिल्ह्यात वसमत, औंढा, कळमनुरी भागात जमिनीतून आवाज येतात, पांगरा शिंदे गावाचं नाव पेपरात वाचलंच असेल. तो आवाज असा सर्रर्र किंवा टकटक नसतो. एकदाच धम्म होतं, वाटतं कुणाच्या विहिरीत सुरुंग उडाला. मांडणीवरची भांडी वाजतात आणि सगळा गाव एकदम बाहेर येतो. २१ मार्च २०२४ ला पहाटे ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, पाठोपाठ दुसरा. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमाराला पुन्हा ४.५, तो नांदेड-परभणीपर्यंत जाणवला. असल्या धक्क्यांची नोंद राष्ट्रीय भूकंप विज्ञान केंद्राच्या संकेतस्थळावर येते, पोरांना मोबाइलवर बघायला सांगा.

शेजारच्या घरात कुणाला ऐकू आलं का, भांडं वाजलं का, एवढं विचारा. रोज ठरल्या वेळी एकाच भिंतीत येणारा आवाज जमिनीचा नसतो. पण म्हणून आजींची बाज आत आणू नका. मामांनी लिहिलंय ते वाचलं तर अंगणच बरं.

उदगीरचा सुतार

पाटील, घूस एका जागी बसून करकर करत नाही. तिचा आवाज पळतो, आणि ती बिळाच्या तोंडाला मातीचा ढीग टाकती. वाळवीचं उलटं हाय, ती खाताना फारसं ऐकू येत नाही. लाकडावर ठोकलं की तिचे शिपाई डोकं आपटून आतून बारीक खडखड करतेत, आणि जवळपास मातीच्या नळ्या दिसतेत. तासन् तास एकाच जागी करकर, हात मारला की गप, पुन्हा चालू, हे लाकूड पोखरणाऱ्या अळीचं काम. दिवसाही ती खातीच की, पण गलक्यात ऐकतंय कोण.

ताई, बळदाजवळ खांब हाय का? बाभळीचा? पूर्वी बाभूळ तोडली की पाण्यात मुरवून मग लावायचे. घाईत ओली लावली की किडा लागलाच. रात्री खांबाखाली काळं कापड अंथरा. सकाळी त्यावर पिठासारखा बारीक भुसा पडला तर अळी. मग पेचकस दाबून बघा किती आत जातो. अन् रॉकेल ओतू नका, लोक ओततेत. शेजारी खायचं धान्य हाय. औषध मारायचं तरी आधी बळद रिकामं करा.

औसेकरीण

सगळ्यांचे उपकार झाले. एकेक सांगते.

पोराला शिडीवर चढवून दुपारी पत्र्यावर पाणी ओतलं. दुसरी घागर रिकामी व्हायच्या आत भिंतीतून टक् टक् सुरू. सासूबाईंनी कान लावला, पुन्हा ओतायला लावलं, तिसऱ्यांदा ओतायला लावलं, मग म्हणाल्या, "पत्राच हाय मेला." शेजारपाजारी विचारलं, कुणालाच काही ऐकू आलेलं नाही. धनवाली शेजारीण जरा नाराज हाय.

काळ्या कापडावर भुसा पडला, पिवळसर, चाळल्यावाणी. घरातले बाकीचे खांब सागाचे, बळदाजवळचा तेवढा बाभळीचा, मागून कधीतरी बदललेला. पेचकस बोटभर आत गेला.

आता भिंत. ओळंबा लावून मी अन् थोरल्या पोरानं मोजलं. आतल्या अंगानं छातीच्या उंचीला भिंत दोन बोटं पुढं आलीय. बाहेरच्या अंगानं फरक नाही म्हणावा इतका. अन् पोट जिथं हाय तिथंच वर माळवदाची पन्हळ तुटलेली. पाणी खाली पडण्याऐवजी भिंतीच्या डोक्यातच जिरत होतं, वरचा गिलावा ओला लागला. माळवदात सळई खुपसून बघितली, पावणेदोन फूट माती.

गडी मिळायलेत. मिरगाच्या आधी माती उतरवून घ्यावी म्हणते. कशी उतरवायची?

ओव्हरसिअर मामा

घ्याच. पण माती आधी नाही, टेकू आधी. पोट असलेल्या भिंतीपासून दोन हात आत, सरांखाली (छत पेलणाऱ्या लाकडी तुळयांखाली) आडवा वासा घालून त्याला उभे टेकू द्या. त्या बाभळीच्या खांबाशेजारीही एक. खांब आत्ता हलवायचा नाही, वरचं ओझं उतरल्यावर सुतार बदलेल.

गडी एका टोकाकडून उकरत जातील, जाऊ देऊ नका. निम्मं छत हलकं आणि निम्मं जड झालं की सर मुरडतात. वीतभर थर सगळ्या माळवदावरून सारखा काढायचा, मग दुसरा थर. काढलेली माती लगेच खाली, कडेला ढीग नको. कुदळ आपटायची नाही, फावड्यानं ओढायची. आठ इंच माती राहू द्या, ऊन आणि पाऊस झेलायला तेवढी लागते. तिच्या मधे जाड प्लास्टिकचा कागद घाला आणि उतार पन्हळीकडे करा. काम चालू असताना त्या चार खणांत कुणीही नको, धान्य काढायलासुद्धा.

आरपार दगडांचं काम पाऊस सरल्यावर. एका वेळी एकच भोक, दगड सोडवायचा, त्यात सळई घालून काँक्रीट भरायचं, ते धरलं की पुढचं भोक. तोवर काचपट्टी लावा आणि ओळंब्याचं माप दर आठवड्याला लिहा. वाढलं तर त्याच दिवशी तिथून बाहेर पडा आणि पंचायत समितीच्या अभियंत्याला बोलवा.

कुणी गवंडी म्हणाला की वरून सिमेंटचा गिलावा मारून देतो, भिंत पक्की होईल, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. पाणी आतच कोंडतं आणि वाढणारं पोट दिसायचं बंद होतं.

औसेकरीण

मालक शनिवारी यायलेत, टेकूला वासे भाऊजी देतेत. सासूबाई विचारतेत, पन्हळ पत्र्याची चालती का सिमेंटचीच पाहिजे?

ओव्हरसिअर मामा

पत्र्याची चालेल, तेलाच्या डब्याची केली तरी चालेल. तोंड भिंतीपासून हातभर पुढं काढा.