शब्दचर्चा : ‘अमाउती’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : कॅनडाच्या उत्तरेकडच्या मूळ रहिवासी इनुइट बायकांच्या पोशाखावरचा एक लेख मराठीत आणतेय आणि ‘अमाउती’पाशी अडलेय. सध्या ‘टोपीत बाळ ठेवायचा कोट’ असं लिहिलंय. नुसतं ‘पार्का’, म्हणजे टोपी जोडलेला थंडीचा कोट, असं चालेल का? आणि ‘हूड’ला आपला शब्द कोणता?

उत्तर : आधी ते ‘टोपीत बाळ’ काढा. चित्र पाहून बहुतेकांचा तसाच समज होतो, पण बाळ असतं ते पाठीवरच्या पिशवीत, आईच्या पाठीला चिकटून. वरची ऐसपैस टोपी दोघांच्याही डोक्यावर येते. बाळ खाली घसरू नये म्हणून कमरेला पट्टा बांधतात. पाजायची वेळ झाली की आई बाळाला कोटाच्या आतूनच पुढे घेते, बाहेरचा गारठा त्याला लागत नाही. जुन्या अमाउती कॅरिबूच्या कातड्याच्या असत. त्या हरणाचा केस आतून पोकळ, त्यात हवा कोंडून राहते आणि ऊब टिकते. कडाक्याच्या थंडीत दुहेरी पोशाख : आतल्याची लव अंगाकडे, बाहेरच्याची बाहेर. आता कापडाच्याही शिवतात, आणि उत्तर कॅनडातल्या नुनावुत प्रदेशात आजही आया त्या वापरतात.

‘पार्का’ लिहू नका. तो शब्द उत्तर रशियातल्या नेनेत्स लोकांचा, रशियन भाषेतून आणि अल्यूशियन बेटांवरून इंग्रजीत आलेला. तशाच टोपीवाल्या कोटाचा ‘अनोराक’ हा शब्द मात्र ग्रीनलँडच्या इनुइटांचा. दोन्हींत बाळाला जागा नाही आणि इथे सगळी शिवण बाळासाठीच आहे. ‘अमाउती’च्या मुळाशीही मूल पाठीवर घेणं हाच अर्थ आहे. त्यासाठी आपल्याकडे ‘पाठुंगळी’सारखा नेमका शब्द असताना ‘झोळी’कडे का जायचं? झोळी टांगलेली असते, तिला आईच्या अंगाची ऊब नसते. मी मूळ शब्द ठेवून पहिल्या उल्लेखात लिहीन : ‘अमाउती, म्हणजे बाळाला पाठुंगळी घेण्यासाठी शिवलेला कोट’.

‘हूड’साठी ‘खोळ’ घ्या. ‘कुंची’ मनात येते, पण ती बाळाची, आणि अंगरख्याला जोडलेली नसते.

प्रश्न : ‘खोळ’ म्हणजे उशीचा अभ्रा असं वाचणाऱ्याला वाटेल ना?

उत्तर : शहरात वाटेल. पण पावसात घोंगडीची खोळ करून बांधावर उभा असलेला माणूस ज्यांनी पाहिलाय, त्यांना डोक्यावरून पाठीवर उतरणारा तो आकार लगेच दिसेल. ‘डोक्यावरची खोळ’ लिहिलंत की शंका उरणार नाही.

प्रश्न : पटलं. लेखात पुढे ‘टूक’ही आहे, क्वेबेकच्या फर-व्यापाऱ्यांची.

उत्तर : ती लोकरीची विणलेली टोपी. ‘कानटोपी’ बेलाशक लिहा. फक्त हनुवटीखाली बांधायचे बंद असलेली नव्हे, एवढं एकदा सांगा. आज कॅनडाभर हिवाळ्यात लहानथोर सगळेच ती घालतात, आणि तिला ‘टूक’च म्हणतात.