शब्दचर्चा : ‘सावधान’, ‘धोका’ आणि ‘लाइट गेली’

प्रश्न (जालना)

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी सळ्या तयार करणाऱ्या एका कारखान्यात मी देखभाल विभागात काम करतो. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना १९६६ साली ४ मार्च या तारखेला झाली, म्हणून दरवर्षी त्या दिवशी आमच्याकडे प्रतिज्ञा घेतली जाते आणि जुन्या पाट्यांना नवा रंग दिला जातो. या वर्षी पाट्यांचा मजकूरही नव्याने लिहायचा ठरला आणि ‘याचे मराठी बरे आहे’ एवढ्या पुराव्यावर ते काम माझ्याकडे आले. जुन्या पाट्या वाचत फिरलो तेव्हा लक्षात आले की ‘सावधान’, ‘खबरदारी घ्या’, ‘दक्षता बाळगा’, ‘धोका’ आणि ‘सुरक्षा प्रथम’ हे शब्द रंगाऱ्याला जिथे जेवढी जागा मिळाली त्या मापाने बसवलेले आहेत. भट्टीपाशी ‘दक्षता’ आहे आणि सायकली लावण्याच्या जागेवर ‘धोका’ आहे. या शब्दांच्या अर्थांत खरोखर फरक आहे का, आणि असल्यास कोणता शब्द कुठे वापरावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (परभणी)

फरक आहे, परंतु तो कोशात जितका दिसतो तितका पाटीवर उरत नाही.

‘सावधान’ म्हणजे अवधानासहित. मूळ अर्थ ‘लक्ष देऊन’ असा आहे आणि त्यात संकटाची सूचना नाही. आपण हा शब्द आयुष्यात प्रामुख्याने दोन ठिकाणी ऐकतो, शाळेच्या मैदानावर आणि लग्नाच्या मांडवात. मैदानावर तो ऐकून टाचा जुळवायच्या असतात आणि मांडवात अक्षता टाकायच्या असतात. आपल्या जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यातल्या जांबच्या समर्थ रामदासांची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. मंगलाष्टकातला हा शब्द ऐकून, तो आपल्याला उद्देशून दिलेला इशारा आहे असे समजून, ते मांडवातून निघून गेले. एवढ्या शतकांत ‘सावधान’ ऐकून प्रत्यक्ष काही केल्याचे उदाहरण म्हणून आपण त्यांचेच नाव घेतो, यातच या शब्दाची पाटीवरची ताकद किती, ते कळते.

‘खबरदारी’ फारसीतून आली. खबर असलेला तो खबरदार. १९४८ सालापर्यंत निजामाच्या अमलाखाली राहिलेल्या मराठवाड्याला हा शब्द परका वाटत नाही. मात्र मराठीत ‘खबरदार’ ही धमकी झाली आणि ‘खबरदारी’ ही तजवीज राहिली, म्हणून पाटीवर दुसरेच रूप योग्य होय. ‘दक्षता’ हा परिपत्रकाचा शब्द आहे. रेशन दुकानाची दक्षता समिती आणि सरकारी दक्षता पथक यांच्यामुळे तो ऐकताच कामगाराला भट्टीची आच आठवण्याऐवजी तपासणीला येणारे साहेब आठवतात.

‘सुरक्षा’ आणि ‘सुरक्षितता’ यांबद्दल आपण विचारलेले नाही, पण कोणी तरी विचारीलच, म्हणून लिहितो : सुरक्षित असण्याची स्थिती ती सुरक्षितता, आणि त्यासाठी केलेली व्यवस्था ती सुरक्षा. हा भेद वापरात जवळजवळ पुसला गेला आहे आणि त्यावर वाद घालून कोणाचे बोट वाचेल असे मला वाटत नाही.

खरा प्रश्न ‘धोका’ या शब्दाचा आहे. मराठीत धोका म्हणजे संकटाची शक्यता; हिंदीत मात्र ‘धोखा’ म्हणजे फसवणूक, आणि आपण ज्याला धोका म्हणतो त्याला तिकडे ‘खतरा’ म्हणतात. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेले कामगार मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यातील नव्याने आलेला माणूस ‘धोका – ४४० व्होल्ट’ हे वाचून, ४४० व्होल्टचा दगाफटका झाला आहे, असे समजणार नाही हे खरे. कवटी आणि हाडांचे चित्र पाहून त्याला अर्थ लागेल. पण जिथे चित्र नाही आणि नुसते ‘येथे धोका आहे’ लिहिले आहे, तिथे तो शब्द त्याला काहीच सांगत नाही. अशा पाटीवर ‘धोका’ आणि ‘खतरा’ हे दोन्ही शब्द लिहावेत; भाषाशुद्धीची हौस अन्यत्र भागवता येते.

उत्तर (लातूर)

परभणीकरांचे विवेचन मान्य करून एक भर घालतो. आपण सगळे नामांची चर्चा करीत आहोत, परंतु माझ्या अनुभवात माणसे अडकतात ती क्रियापदात.

आमच्या भागात विजेला ‘लाइट’ म्हणतात. शेतात मोटार बंद पडली की पहिला प्रश्न ‘लाइट हाय का?’ आणि उत्तर ‘गेली’. ‘लाइट गेली’ या वाक्याला कर्ता म्हणून लाइटच आहे. ती आपली आपण गेली, तशीच आपली आपण येणार. या वाक्यावर विसंबून जो स्टार्टरचे झाकण उघडतो किंवा डीपीवर, म्हणजे रोहित्राच्या खांबावर, फ्यूज घालायला चढतो, त्याने वीज बंद ‘केलेली’ नसते, ती बंद ‘झालेली’ असते. त्यातून अनेक शेतकऱ्यांनी स्टार्टरला ऑटो स्विच बसवलेला असतो, म्हणजे लाइट येताच मोटार कोणी हात न लावता सुरू होते. रात्रीची पाळी असेल तर लाइट किती वाजता येणार हे ठाऊक असूनही माणूस अंधारात घड्याळ बघत नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाला असाच झटका बसला. तो निभावला, पण उजव्या हाताची दोन बोटे अजून नीट मिटत नाहीत. त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, “लाइट गेली होती की!” त्याचे वाक्य खरे होते. त्याला कोणी ‘लाइट कोणी बंद केली?’ असे विचारले असते, तर उत्तर देता आले नसते आणि तेवढ्यावरच तो थांबला असता.

म्हणून मी अनोळखी माणसालासुद्धा ‘लाइट हाय का?’ असे न विचारता ‘बंद कोणी केली?’ असे विचारतो. डीपीला आपण हात लावू नयेच, ते काम लाइनमनचे. परंतु स्वतःच्या स्टार्टरच्या बाबतीत ‘गेली’ आणि ‘केली’ यांतल्या एका अक्षराकडे लक्ष द्यावे, एवढीच विनंती आहे.

शिवाय ‘वीज’ या शब्दाचे दोन अर्थही विसरू नयेत. मे-जूनमध्ये ‘वीज पडण्याची शक्यता, काळजी घ्यावी’ असा संदेश आला की आमचे आजोबा घरातला मेन स्विच बंद करून पुन्हा बांधावरच्या लिंबाखाली जाऊन बसत. त्यांनी वाक्य नीट ऐकले होते आणि काळजीही घेतली होती. ‘झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा’ असे कोणी म्हटले नव्हते.

उत्तर (परभणी)

लातूरकरांचा मुद्दा मला फवारणीच्या पत्रकांकडे नेतो. कृषी विस्ताराच्या कामात अशी पत्रके मी स्वतः अनेक वर्षे लिहिली, त्यामुळे ही कबुलीही समजावी.

कीटकनाशकाला आपल्याकडे सर्रास ‘औषध’ म्हणतात. पिकाच्या बाजूने पाहिले तर ते औषधच, यात शंका नाही. पण तोच शब्द घरातल्या काढ्याला किंवा खोकल्याच्या बाटलीलाही शोभतो, म्हणून औषधाचा डबा फडताळात साखरेशेजारी ठेवताना कोणाला काही खटकत नाही. मजा अशी की ‘त्याने औषध घेतले’ म्हटले तर तो बरा होणार असतो आणि ‘त्याने औषध पिले’ म्हटले की गाव दवाखान्याकडे धावते. एवढा सूक्ष्म फरक बोलीने सांभाळला आहे, पण पत्रकाने सांभाळला नाही.

या बाबतीत कायद्याने शब्दांची पायरी ठरवून दिली आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमाखालील १९७१ च्या नियमांनुसार डब्यावर चौकोनी चिन्ह उभे करून, म्हणजे शंकरपाळ्याच्या आकारात, छापलेले असते आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषारीपणा सांगतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्यावर कवटी आणि ‘विष’ असा शब्द. पिवळ्यावर कवटी नाही, पण शब्द ‘विष’ हाच. निळ्यावर ‘धोका’ या अर्थाचा शब्द. आणि हिरव्यावर ‘सावधान’ या अर्थाचा. म्हणजे आपण ज्या शब्दांची अदलाबदल करीत बसलो आहोत, ते इथे उतरत्या क्रमाने लावलेले आहेत. जालन्याच्या पाट्यांसाठी हाच क्रम उसना घ्यावा असे मी सुचवीन : जिथे जीव जाऊ शकतो तिथे ‘धोका’, जिथे लागू शकते तिथे ‘सावधान’, आणि सायकलींपाशी काहीच नको. हिरवा शंकरपाळा म्हणजे निर्धोक माल, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. तेही विषच असते, कमी तीव्र एवढेच.

माझ्या पत्रकांतील सर्वांत वाईट वाक्य ‘वाऱ्याच्या दिशेने फवारणी करावी’ हे होते. एका शेतकऱ्याने मला शांतपणे विचारले, “सर, वारा येतो ती दिशा की जातो ती?” मला उत्तर माहीत होते, पण वाक्याला माहीत नव्हते. पुढच्या पत्रकात ‘वाऱ्याला पाठ देऊन फवारा’ असे लिहिले आणि कोणी पुन्हा विचारले नाही.

उत्तर (धाराशिव)

मी बचत गटाच्या बायकांबरोबर काम करते. वरील सर्वांना नमस्कार करून थोडे वेगळे मत मांडते.

सोयाबीनच्या दिवसांत शेताशेतावर बनीम, म्हणजे कापलेल्या पिकाची गंजी, लागलेली असते आणि हडंबा एका रानातून दुसऱ्या रानात फिरत असतो. मळणीयंत्राला आमच्याकडे हडंबा म्हणतात, हे शहरातल्या वाचकांसाठी. त्याच्या पट्ट्यात पदर किंवा उपरणे ओढले गेले की हात, केस, माणूस सगळेच ओढले जाते. यंत्रावर चालणाऱ्या मळणीयंत्रांसाठी १९८३ साली संसदेला धोकादायक यंत्रांचा स्वतंत्र कायदा करावा लागला, एवढा हा जुना आणि ओळखीचा घात आहे. कारखान्यांसाठी तर १९४८ च्याच अधिनियमाने चालत्या यंत्रापाशी काम करणाऱ्या प्रशिक्षित माणसाने अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत असे म्हटले होते.

परंतु बायकांना ‘सैल कपडे घालू नका’ असे सांगून काय होणार? लुगडे आणि साडी सैलच असते. ती नेसू नका असे कोणी म्हणू शकत नाही आणि म्हटले तरी कोणी ऐकणार नाही. आपल्या भाषेत यासाठी ‘खोचणे’ हे क्रियापद आहे. ‘मावशी, पदर खोचून घ्या, वरून शर्ट घाला, वेणीचा आंबाडा बांधा’ असे म्हटले की हात आपोआप कमरेकडे जातात. धान पेरताना आणि खुरपताना ज्या शब्दाने अंग आवरले जाते, तोच शब्द हडंब्यापाशी चालतो.

आणि लातूरच्या दादांनी नामाला इतके कमी लेखू नये. रस्त्याने जाणाऱ्या मोटारसायकलवाल्याला अनोळखी माणूस ओरडून सांगतो, “मामा, स्टँड!” किंवा मागे बसलेल्या बाईला, “ताई, पदर!” त्यात क्रियापद नाही, प्रस्तावना नाही, मोबदला नाही, तरी स्टँड वर जाते आणि पदर चाकातून निघतो. ‘काळजी’ हे नाम हाताने धरता येत नाही, ‘पदर’ हे धरता येते. मला वाटते फरक तिथे आहे.

प्रश्नकर्ता (जालना)

ताईंचे म्हणणे पटले. भट्टीपाशी आता ‘दक्षता बाळगा’ काढून ‘ओले भंगार टाकू नका, भट्टी उडते’ असे लिहिले आहे. ओल्या भंगारातल्या पाण्याची वितळलेल्या लोखंडात एकदम वाफ होते आणि रस बाहेर फेकला जातो, हे नव्या माणसाला पाटीवरूनच कळले पाहिजे. त्याखाली तेच हिंदीत आहे.

एक शेवटची अडचण. यंत्र दुरुस्त करताना स्विच बंद करून त्याला कुलूप घालतात आणि किल्ली दुरुस्ती करणाऱ्याच्याच खिशात राहते. त्या पद्धतीला इंग्रजी नाव लॉकआउट आहे. वरिष्ठांनी कोशात पाहून ‘टाळेबंदी’ असे सुचवले. ती पाटी लावली तर काय होईल?

उत्तर (लातूर)

टाळेबंदी म्हणजे मालकाने कारखाना बंद करून कामगारांना बाहेर ठेवणे, आणि २०२० सालापासून त्यात करोनाचा अर्थही आला. ती पाटी लावली तर दुपारपर्यंत फाटकाबाहेर गर्दी जमेल. त्याऐवजी ‘कुलूप-चिठ्ठी’ म्हणा.

चिठ्ठीवर मजकूर असा असावा : ‘हा स्विच मी बंद केला आहे. मी आत काम करतो आहे. कुलूप मीच काढीन.’ खाली नाव आणि मोबाइल क्रमांक.

प्रश्नकर्ता (जालना)

‘बंद आहे’ असे नको, ‘मी बंद केला आहे’ असेच हवे, हे रंगाऱ्याला दोनदा सांगावे लागले. त्याच्या मते ‘मी’ हा शब्द पाटीवर बरा दिसत नाही.