हजार रुपयांत आयरिस अ‍ॅपफेलसारखा पोशाख कसा जमवायचा?

रानजाई, दारव्हा
मे महिन्यात मामेबहिणीचं लग्न आहे. भडक पोशाखांसाठी गाजलेल्या अमेरिकी आजी आयरिस अ‍ॅपफेल यांच्यासारखं नटायचं ठरवलंय: मोठा गोल चष्मा, हातभर कडी, गळ्यात माळांवर माळा आणि भडक लांब कोट. बजेट हजार रुपये, शिलाई धरून. घरात आजीची दोन जुनी पातळं आहेत, एक सुती आणि एक जरीकाठी रेशमी. बाकी सगळं आठवडी बाजारातूनच घेणार, नागपूरला जाणं होणार नाही. कोणतं पातळ कापू? उन्हाचं काय?

सुईदोरा, वर्धा
सुतीच कापा, ताई. रेशमी पातळ वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलं की त्या रेषेवर चिरतं. त्याचा कोट शिवला तर हात वर करताच पाठीत फाटेल.

अ‍ॅपफेल (१९२१–२०२४) मुळात कापडातल्या जाणकार. १९५० पासून नवऱ्याबरोबर त्यांनी ‘ओल्ड वर्ल्ड वीव्हर्स’ चालवलं, जुनी कापडं तशीच्या तशी पुन्हा विणून घेतली. महागड्या कोटावर बाजारातली माळ त्या बेधडक घालायच्या. त्यांच्याकडून घ्यायचं ते मोठं माप. बारीक दहा वस्तूंवर पैसे घालवू नका.

आता कोट. पातळ उन्हासमोर धरा, विरलेली जागा लगेच दिसते, बहुधा निऱ्यांत आणि खालच्या काठाजवळ. चांगलं अडीच मीटर निघालं तरी भागतं. पातळ आडवं वापरा, म्हणजे साधारण ४५ इंचाचा पन्हा (कापडाची रुंदी) हीच कोटाची उंची. मग काठ आपसूक घेराला येतो, तळ दुमडावा लागत नाही. खालचा काठ घासला असेल तर कमरेत खोचला जाणारा वरचा काठ घेराला घ्या. छाती ३६ असेल तर पाठ २३ इंच आणि पुढचे भाग १३-१३. मुंढा (बाही जोडायची जागा) ढिला, माया (शिवणीबाहेर सोडायचं कापड) एक इंच. जुन्या कापडात अरुंद शिवण उसवते.

अस्तर मलमलचं. ती आधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि वरचं कापड फुगतं. दोन्ही थर गोधडीसारखे पाऊण इंचावर धावदोऱ्याने जोडा, ताण एका जागी येत नाही. कडकपणासाठी इस्त्रीने आतून चिकटवायचं कॅनव्हास मात्र नको, आपल्या उन्हात त्यातून वारा जात नाही. शिलाई आधी ठरवून घ्या, अर्धं बजेट तिथेच जाईल. रेशमी पातळाचा काठ समोरच्या पट्टीला हाताने टाचा, धुताना काढता येईल.

मणेरी
कड्यांचं मी सांगते. जाड कडं नेहमीच्या बांगडीपेक्षा एक माप मोठं घ्या, २-४ लागत असेल तर २-६. पितळी कड्याशेजारी काचेची बांगडी फुटते, मध्ये लाकडी किंवा प्लॅस्टिकचं कडं घाला. लाखेची कडी गाडीच्या डिकीत ठेवू नका, उष्णतेने आकार बिघडतो. पितळेला आतून नेलपॉलिशचा पारदर्शक हात दिला की घामाने मनगट हिरवं होत नाही.

माळा १६, २० आणि २६ इंचांच्या करा, एकमेकींत अडकत नाहीत. मोठे मणी लाकडी घ्या, मान दुखत नाही. पितळी मण्याच्या भोकाची धार साधा दोरा कापते, म्हणून माशाच्या गळाची तंगूस (नायलॉनचा दोरा) वापरा. तिची गाठ सुटते, तेव्हा तीनदा मारून टोक पेटत्या काडीने वितळवा.

चष्मेवाला, कारंजा
नंबर हाय का तुमाले? मायनस चारच्या वर असन तर लय मोठी फ्रेम नोका घेऊ. काचेची कड जाड होते अन् चष्मा नाकावरून घसरते. नंबर नसन तर जाड काळ्या गोल फ्रेमीत साधी काच टाकून घ्या. बाजारातला स्वस्त गॉगल उन्हात नोका घालू. काळ्या काचेमागं बाहुली मोठी होते, अन् काच यूव्ही ४०० म्हंजे अतिनील किरणं अडवणारी नसन तर अपायकारक किरणं जास्तच आत जातात.

रानजाई, दारव्हा
नंबर नाही दादा, साधीच काच टाकते. सुती पातळ गर्द लाल आहे. रंग जाईल का?

सुईदोरा, वर्धा
कोपऱ्यावर ओला पांढरा फडका ठेवून गरम इस्त्री दाबा. फडका लाल झाला तर घामानेही रंग सुटणार. मग पातळ कापायच्या आधीच पाणी साफ येईपर्यंत गार पाण्यात धुवा, मानेमागे आणि काखेत अस्तराचा दुहेरी थर द्या आणि आत पांढरा ब्लाउज टाळा.