बंद नाही, पाटी बदललीय फक्त

वर एकाने लिहिलंय की ऑस्ट्रेलियातलं वणव्यांवर संशोधन करणारं सेंटर बंद पडलं, तर तसं नाहीये हो. २००३ ला बुशफायर सीआरसी (सीआरसी म्हणजे सहकारी संशोधन केंद्र) म्हणून सुरू झालं, मग पूर-वादळं पण त्यात घेतली आणि २०२१ पासून नॅचरल हॅझर्ड्स रिसर्च ऑस्ट्रेलिया या नावाने काम चालूये, दर वेळी पाटी बदलते म्हणून गोंधळ होतो.

२००९ च्या ब्लॅक सॅटरडेला, म्हणजे व्हिक्टोरिया राज्यात भयंकर वणवे पेटले त्या शनिवारी, १७३ माणसं गेली ना, त्यानंतर या सेंटरचे लोक जळालेल्या गावांत जाऊन वाचलेल्यांशी बोलले. बरेच जण 'बघू, जवळ आली तर निघू' म्हणत थांबलेले, आणि आग जवळ आल्यावर रस्ताच दिसत नाही धुरात. (आपण पण असेच की, पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत हलत नाही!)

घरं बहुतेक वेळा ज्वाळांनी नाही तर वाऱ्यावर उडून आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात, पन्हळीत निलगिरीची वाळकी पानं साचलेली असली की झालंच. तिथे रस्त्यावर आज वणव्याचा धोका किती ते दाखवणारे अर्धगोल काट्याचे बोर्ड असतात, ते पण २०२२ च्या सप्टेंबरपासून बदलले, धोक्याच्या सहाच्या जागी चारच पातळ्या, सगळ्या देशात सारख्या. सगळ्यात वरची कॅटॅस्ट्रॉफिक (महाभयंकर), तेव्हा सरळ निघायचं.