कोरकू पोट्टे वर्गात बोलतच नाहीत, काय करावं?

आमचं तालुक्याचं कॉलेज, बीए फर्स्ट इयरला यंदा मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याकडचे बरेच कोरकू आदिवासी पोट्टे आहेत. मागच्या बाकावर बसतेत, विचारलं तर मान खाली. परवा एकजण "मी आली" म्हणाला, अख्खा वर्ग हसला, तेव्हापासून तो आलाच नाही. कोणी काही केलं असन तर सांगा.

— सर, त्यात त्या पोराची चूक नाही ना. कोरकू मुंडा गटातली भाषा आहे, मराठीशी नातंच नाही तिचं. मी गोंड, आमची गोंडी द्राविडी, मलेही पहिल्या वर्षी असंच झालं होतं. आमच्या मॅडमनं एक दिवस पाण्याले कोणाच्या घरी काय म्हणतेत ते फळ्यावर लिहायले लावलं, मी "येर" लिहिलं, मंग हसणारेच विचारत बसले. हसणाऱ्याले तिथंच थांबवा पण, नंतर समजावून फायदा नाही.

— अन होळीची हजेरी पाहा बावा! मेळघाटात होळी म्हणजे दिवाळीहून मोठी, फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागत चार-पाच दिवस जातेत, अन आपण इकडं कमी हजेरीची डिफॉल्टर लिस्ट लावतो. इंटर्नल परीक्षा त्या आठवड्यात ठेवूच नका.

— होस्टेलले नंबर नाही लागला त्यायचे आदिवासी पोट्ट्यायसाठीच्या सरकारी स्वयम् योजनेचे फॉर्म भरले का? जेवण, खोलीचे पैसे खात्यात येतेत. पोट्ट्यायले माहीतच नसते.

— फॉर्मचं उद्याच पाहतो. त्या पोराच्या खोलीवरही जाऊन येतो, बसस्टँडमागंच राहते म्हणे.