मॅमोग्राफीत 'डेन्स' आणि 'बायरॅड्स ०' आलंय, थ्रीडी करावी का? सल्ला हवा

शेवंती
नमस्कार मंडळी. वय ४४. हाताला काही लागत नाही, पण मावशीला पन्नाशीच्या आत ब्रेस्ट कॅन्सर झाला होता म्हणून डॉक्टरांनी मॅमोग्राफी करायला सांगितली. रिपोर्ट असा: "हेटेरोजिनिअसली डेन्स, टाइप सी. डावीकडे वरच्या-बाहेरच्या भागात फोकल असिमेट्री. बायरॅड्स ०. टोमोसिंथेसिस व सोनोमॅमोग्राफी करून घ्यावी."

नवरा म्हणतो शून्य म्हणजे काहीच नाही. नणंद म्हणते शून्य म्हणजे नक्की गडबड. जिथे केली त्या सेंटरला टोमोसिंथेसिस, म्हणजे थ्रीडी, नाही. कोल्हापुरात आणि पुण्यात 'थ्रीडी मॅमोग्राफी'चे भाव विचारले तर साध्याच्या जवळपास दुप्पट सांगतात. खरंच फरक पडतो का, की नुसतं नाव मोठं? त्यापेक्षा थेट एमआरआय करून मोकळं व्हावं का? आणि लगेच पुन्हा एक्स-रे घेतला तर रेडिएशनचं काय? कुणी करून घेतली असेल तर कृपया सांगा.

फिल्मवाली
मी मॅमोग्राफी टेक्निशियन आहे, त्यामुळे दिवसभर हेच.

तुमचा नवरा आणि नणंद दोघंही चूक. बायरॅड्स म्हणजे मॅमोग्राफीच्या निकालाला द्यायचा क्रमांक. ० म्हणजे तपासणी अपुरी, निकाल राखून ठेवलाय. १ आणि २ आले की निर्धास्त, ३ ला साधारण सहा महिन्यांनी पुन्हा बघतात, ४-५ ला बायोप्सी. शून्यवाल्या बहुतेक बायका पुढच्या तपासणीत १-२ वर येतात. घाबरू नका, पण फाइल कपाटातही टाकू नका.

आता थ्रीडी. साध्या मॅमोग्राफीत दाबून पाच सेंटिमीटर झालेला सगळा भाग एकाच सपाट चित्रात उतरतो. चरबी काळी दिसते, ग्रंथींचा भाग पांढरा आणि गाठही पांढरीच. जाळीच्या पडद्याच्या चार घड्या एकावर एक आल्या की नसलेली नक्षी दिसते आणि असलेला डाग लपतो, तसं डेन्स, म्हणजे ग्रंथींचा भाग जास्त असलेल्या, ब्रेस्टमध्ये होतं. तुमची असिमेट्री, म्हणजे एकाच बाजूला दिसलेला जास्तीचा पांढरा भाग, ही नुसती घडी आहे की खरंच काही आहे, तेवढंच आता बघायचंय.

टोमोमध्ये एक्स-रे ट्यूब कमानीत फिरते. कंपनीप्रमाणे १५ ते ५० अंश. काही सेकंदांत कमी डोसचे बरेच फोटो घेते आणि कॉम्प्युटर त्यातून एकेक मिलिमीटरचे काप तयार करतो. म्हणजे पाच सेंटिमीटरला पन्नासेक काप. रेडिऑलॉजिस्ट ते वरून खाली सरकवत बघतात. घडी असेल तर पुढच्या कापात विरून जाते. गाठ असेल तर तिची कड दिसते, कडेचे काटे दिसतात. दाबतात मात्र तेवढंच. "थ्रीडीत दुखत नाही" असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

फोनवर 'थ्रीडी आहे का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'टोमोसिंथेसिस आहे का, आणि टूडी (साधं सपाट चित्र) वेगळं काढता की टोमोमधूनच सिंथेटिक, म्हणजे कॉम्प्युटरवर, करता' असं विचारा. डोसचं गणित यातच आहे. दोन्ही बाजूंच्या साध्या मॅमोग्राफीचा डोस साधारण ०.४ मिलिसिव्हर्ट. जमीन, हवा, आकाश यांतून माणसाला जगात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. टूडी आणि टोमो दोन्ही वेगवेगळे काढले तर डोस साधारण दुप्पट होतो, सिंथेटिक असेल तर तो जादाचा वाचतो. शिवाय तुम्हाला बहुधा फक्त डाव्या बाजूचंच लागेल. तेही विचारा, पैसेही कमी होतील.

अनघा_न्यूजर्सी
इकडे अमेरिकेत टोमोला एफडीएने (औषधं-उपकरणांना मान्यता देणारी सरकारी संस्था) २०११ मध्ये मंजुरी दिली, आता बहुतेक सेंटर्समध्ये तीच करतात. सप्टेंबर २०२४ पासून तर डेन्सिटी काय आहे ते प्रत्येक बाईला लेखी कळवणं देशभर सक्तीचं झालंय. ए ते डी अशा चार पायऱ्या असतात, डी सगळ्यात डेन्स. माझंही 'सी' आहे, आणि चाळिशीनंतर जवळजवळ निम्म्या बायकांचं सी किंवा डी असतं. म्हणजे हा आजार नाही, ठेवणच तशी. फक्त त्यात गाठ लपू शकते आणि धोकाही थोडा वाढतो.

फरक किती, तर २०१४ मध्ये अमेरिकेतल्या १३ केंद्रांच्या साडेचार लाखांहून जास्त तपासण्यांचा अभ्यास आला होता. टोमो जोडल्यावर हजारामागे परत बोलावणं १०७ वरून ९१ वर आलं आणि पसरू शकणारे कॅन्सर २.९ ऐवजी ४.१ सापडले. फायदा आहे, जादू नाही. तुमच्या रिपोर्टात स्पष्ट लिहिलंय तर मी दुप्पट पैसे देईन. काही कारण नसताना दर वर्षी हौसेने करायला मात्र देणार नाही.

सदूभाऊ
एवढं दाबून घेऊन वर रेडिएशन कशाला? आमच्याकडे थर्मल कॅमेऱ्याचं शिबिर होतं. हात लावायचा नाही, दुखत नाही, स्वस्त. ताई, तेच करा.

क्ष_किरण
सदूभाऊ, भावना पोचल्या. पण मॅमोग्राफीऐवजी थर्मोग्राफी चालत नाही, अमेरिकेच्या एफडीएने हे वारंवार बजावलंय. बायरॅड्स ० आलेल्या बाईला थर्मल करायला सांगणं म्हणजे परीक्षकाने राखून ठेवलेला निकाल ज्योतिषाला विचारणं.

स्वस्त आणि न दुखणारंच हवं असेल तर आपल्याच मुंबईचं उदाहरण आहे. टाटा मेमोरियलने झोपडवस्त्यांतल्या दीड लाखांवर बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. निम्म्या जणींना प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासायच्या. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले: पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही, म्हणून ४४ वर्षांच्या शेवंतीताईंना मी हेच पुरे म्हणणार नाही.

ताई, टोमो आणि सोनोमॅमोग्राफी एकाच ठिकाणी, एकाच दिवशी, एकाच रेडिऑलॉजिस्टकडून करा. जुन्या मॅमोग्राफीची सीडी न्या, नुसते छापील कागद पुरत नाहीत. मशीन कोणतं यापेक्षा वाचणारे डोळे कुणाचे, हे जास्त महत्त्वाचं. आठवड्यातून एखादीच मॅमोग्राफी बघणाऱ्याकडचं नवंकोरं टोमो आणि रोज ढिगाने बघणाऱ्याकडचं जुनं मशीन यांत मी दुसऱ्याकडे जाईन.

एमआरआय आत्ताच नको. ते बारीकसारीक सगळं दाखवतं आणि त्यापायी नको त्या बायोप्स्या होतात. पुढे शंका राहिलीच तर कॉन्ट्रास्ट मॅमोग्राफी नावाचा प्रकार आहे. शिरेतून आयोडीनचा डाय देऊन दोन वेगवेगळ्या एनर्जीचे एक्स-रे काढतात आणि एकातून दुसरा वजा करतात. मागे उरतो तो डाय शोषणारा भाग. ब्रिटनमध्ये डेन्स ब्रेस्ट आणि नॉर्मल मॅमोग्राफी असलेल्या ९ हजारांवर बायकांवरचा ब्रेड नावाचा अभ्यास २०२५ मध्ये आला. हजार तपासण्यांमागे या पद्धतीने १९ कॅन्सर सापडले, झटपट एमआरआयने १७, ऑटोमेटेड सोनोग्राफीने ४. साध्या एक्स-रेच्या वंशातला हा पोरगा एमआरआयच्या पंक्तीला बसला, याचं मला फार कौतुक आहे. पण डायची रिअ‍ॅक्शन येऊ शकते, आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघावं लागतं, आणि आपल्याकडे मोठ्या शहरांतच काही ठिकाणी मिळते.

शेवंती
सगळ्यांचे मनापासून आभार. पुढच्या आठवड्यात टोमो आणि सोनो एकत्र होणाऱ्या ठिकाणची वेळ घेतलीय, फक्त डाव्या बाजूची. ते म्हणाले सिंथेटिकच करतात. आणखी एक: "आमच्याकडे एआय रिपोर्टिंग आहे" असंही सांगत होते. त्याचे वेगळे पैसे द्यावेत का?

फिल्मवाली
वेगळे पैसे कशाला? स्वीडनमध्ये लाखभर बायकांवर मासाई नावाचा अभ्यास झाला. तिथे दोन डॉक्टरांनी वाचायची पद्धत आहे. एआयने आधी चाळण लावली तर वाचनाचं काम ४४ टक्क्यांनी कमी झालं आणि कॅन्सर २९ टक्के जास्त सापडले. पण ते निरोगी बायकांच्या स्क्रीनिंगमध्ये. तुमचं आता स्क्रीनिंग राहिलेलं नाही, एका ठरावीक जागेची शंका फेडायचीय. रिपोर्टाखाली माणसाची सही आहे ना, ते बघा.

तयारी: पाळी संपल्यावरच्या आठवड्यात वेळ असेल तर बरं, दुखणं कमी. त्या दिवशी काखेत डिओ किंवा पावडर नको. त्यातले कण फिल्मवर थेट कॅल्सिफिकेशनसारखे (स्तनात साठलेल्या कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे) चमकतात आणि मग मला पुसून पुन्हा काढावं लागतं. दोन तुकड्यांचा पोशाख घाला. फोटोच्या वेळी खांदा सैल सोडा. बायका खांदा वर ओढून धरतात आणि नेमका काखेजवळचा भाग, तुमची असिमेट्री आहे तोच, फिल्मच्या बाहेर राहतो.

नंदू_६१
धागा फार उपयोगी. आईला (७१) डाव्या बाजूला पेसमेकर आहे. तिची मॅमोग्राफी होते का?

फिल्मवाली
होते काका. एक्स-रेने पेसमेकरला काही होत नाही. अडचण एमआरआयला असते, तेही मॉडेलवर अवलंबून. वेळ घेतानाच सांगा आणि पेसमेकरचं कार्ड सोबत न्या. त्या बाजूला आम्ही दाब बेताने देतो, आणि पेसमेकरच्या मागे झाकला जाणारा भाग दिसावा म्हणून एखादा जादा फोटो वेगळ्या कोनातून काढतो.