मदत हवी आहे: सकाळचं बीपी जास्त, संध्याकाळचं नॉर्मल

वडील, वय ६८. बीपीची गोळी टेल्मिसार्टन ४० मिग्रॅ, रोज सकाळी ८ वाजता. सात दिवसांची सरासरी: सकाळी गोळीआधी १४८/९०, संध्याकाळी १२६/७८.

मोजणीत चूक नसावी. दंडाचा घेर ३५ सेंमी. यंत्रासोबतचा २२–३२ चा पट्टा लहान पडून आकडे फुगत होते, म्हणून मोठा पट्टा आणला. लघवी करून, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसून, हात छातीच्या पातळीवर, चहा नंतरच. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा, पहिला दिवस वगळून. दोन्ही हातांत फरक ४ चाच. किडनी, पोटॅशियम नॉर्मल. घोरतात मात्र जोरात!

डॉक्टरांना न विचारता गोळीची वेळ बदलणार नाही. भेट तीन आठवड्यांनी आहे. तोवर २४ तासांचं बीपी मॉनिटरिंग करून घ्यावं, की घोरण्यामुळे आधी झोपेची तपासणी (झोपेत श्वास अडतो का ते पाहणारी)?